चौकोन, गिचमिड आणि प्रश्नचिन्हे: हरवलेला किंवा अर्धवट मराठी फॉन्ट परत कसा आणाल?

सोसायटीचे पंधरा वर्षांपूर्वीचे इतिवृत्त, आजोबांनी टाइप करून घेतलेले आत्मवृत्त, संस्थेची घटना, एखाद्या दिवाळी अंकाची जुनी पाने. अशी फाइल नव्या कॉम्प्युटरवर उघडली की कधी नुसते चौकोन दिसतात, तर कधी रोमन अक्षरांची गिचमिड. "फाइल करप्ट झाली" असे म्हणून लोक ती सोडून देतात, काही जण तर डिलीटही करतात. कृपा करून तसे करू नका. अशा फाइलींपैकी बहुतेक धडधाकट असतात. त्यांत मजकूर जसाच्या तसा असतो, फक्त तो दाखवणारा फॉन्ट कॉम्प्युटरवर नसतो किंवा अर्धवट असतो. हा लेख विंडोज वापरणाऱ्या नवख्या माणसासाठी आहे. मॅक आणि लिनक्सचे थोडक्यात पुढे सांगितले आहे.

हात लावण्याआधी

पहिले काम म्हणजे मूळ फाइलची एक प्रत काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गिचमिड दिसली की हात आपोआप कंट्रोल आणि ए कडे जातो. सगळा मजकूर निवडायचा आणि फॉन्ट 'मंगल' करून बघायचा. हे अजिबात करू नका. जुन्या फाइलीत प्रत्येक ओळीला फॉन्टचे नाव चिकटलेले असते आणि मजकूर परत वाचायची किल्ली तीच असते. सगळे 'मंगल' करून सेव्ह केले की ते नाव पुसले जाते. मग मजकूर कृतिदेवमध्ये होता, शिवाजीमध्ये होता की श्रीलिपीत, हे अंदाजाने शोधत बसावे लागते.

लक्षण नीट बघा

फॉन्ट शोधायला इंटरनेटवर जाण्याआधी पडद्यावर नेमके काय दिसते आहे ते बघा. निम्मे निदान तिथेच होते.

*चौकोन दिसतात.* मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत आहे, पण ते अक्षर काढून दाखवेल असा फॉन्ट सापडत नाही. ही सर्वांत सोपी अडचण.

*रोमन अक्षरांची गिचमिड दिसते.* मजकूर युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये आहे. त्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्याच जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवली होती. कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर ई, जे, के, मोठा बी, एच अशा पाच रोमन अक्षरांचा दिसतो, कारण कृतिदेवमध्ये 'ई'च्या जागी म आहे, 'जे'च्या जागी र, 'के'च्या जागी काना, मोठ्या 'बी'च्या जागी ठ आणि 'एच'च्या जागी दुसरी वेलांटी. इंग्रजी आणि मराठी एकाच फॉन्टमध्ये देणारे द्विभाषिक फॉन्ट असतील तर गिचमिडीत साधी रोमन अक्षरे कमी आणि डोक्यावर टोप्या, टिंबे असलेली युरोपीय अक्षरे जास्त दिसतात.

*टिंबाटिंबांचे वर्तुळ दिसते.* एखादा काना किंवा मात्रा ज्या अक्षराला लागायला हवी, ते अक्षर त्याच्या आधी नाही किंवा ती जोडी चालत नाही. बहुतेकदा ही टायपिंगची चूक असते, फॉन्ट बदलून ती जात नाही.

*जोडाक्षरे फुटतात.* 'विद्यार्थी' लिहिलेले असते, पण पाय मोडलेला द वेगळा, य वेगळा आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर. इथे अक्षरे फॉन्टमध्ये आहेत, पण ती जोडण्याचे नियम फॉन्टमध्ये नाहीत किंवा सॉफ्टवेअर ते पाळत नाही.

*सगळीकडे प्रश्नचिन्हे.* ही खरी वाईट बातमी. ज्याला युनिकोड कळत नाही अशा पद्धतीने कोणीतरी फाइल सेव्ह केली आणि प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिले गेले. कुठलाही फॉन्ट ते परत आणणार नाही. जुनी प्रत, कोणाला पाठवलेली ईमेल, पेन ड्राइव्ह हे शोधणे एवढेच हातात उरते.

*डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा दिसतो.* एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) दोनदा क्लिक करून उघडली की हमखास हे होते. यात फॉन्टचा काही संबंध नाही. एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा, 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१, म्हणजे युटीएफ-८, ठेवा. मराठी जागेवर येते.

शंका असेल तर नोटपॅडची परीक्षा घ्या. फाइलमधली चार-पाच वाक्ये कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी दिसली तर मजकूर युनिकोड आहे. रोमन गिचमिड आली तर तो जुन्या फॉन्टमधला आहे. दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, म्हणून ही परीक्षा टाळू नका.

कोणता फॉन्ट हवा आहे ते शोधा

वर्डमध्ये मजकुरावर कर्सर ठेवला की वरच्या फॉन्टच्या चौकटीत नाव दिसते. पण एक लक्षात ठेवा: फॉन्ट कॉम्प्युटरवर नसला तरी वर्ड ते नाव दाखवतच राहते. म्हणून नाव दिसते म्हणजे फॉन्ट आहे, असे धरू नका. खरी यादी पाहायची तर 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड' असे जा आणि 'शो डॉक्युमेंट कंटेंट' या भागातले 'फॉन्ट सब्स्टिट्यूशन' हे बटण दाबा. या फाइलमध्ये कोणते फॉन्ट हवे आहेत आणि त्यांच्याऐवजी वर्डने काय वापरले आहे, ते तिथे दिसते. माझ्या मते वर्डमधली ही सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरली जाणारी खिडकी आहे.

लिबरऑफिसमध्ये नसलेल्या फॉन्टचे नाव चौकटीत तिरक्या अक्षरांत येते. पीडीएफ असेल तर ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल आणि डी दाबा, 'फॉन्ट्स' टॅब उघडा.

वर्डमध्ये मराठीला वेगळा फॉन्ट लागतो, हेही नवख्यांना ठाऊक नसते. मजकूर निवडून कंट्रोल आणि डी दाबले की 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' नावाचा स्वतंत्र भाग दिसतो. देवनागरीचा फॉन्ट तिथे ठरतो, वरच्या 'लॅटिन टेक्स्ट'मध्ये नाही. तो भाग दिसतच नसेल तर ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी जोडलेली नाही, ती आधी जोडा.

'मंगल' गायब झाला असेल तर

ही सर्वाधिक विचारली जाणारी अडचण. विंडोज २००० पासून 'मंगल' हा विंडोजचा देवनागरी फॉन्ट होता. विंडोज ८ मध्ये 'निर्मला यूआय' आला आणि विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट मूळ विंडोजमधून काढून ऐच्छिक गटात टाकले गेले. त्यामुळे नव्या लॅपटॉपवर मराठी वाचता येते, पण जुनी फाइल उघडली की पानांची मांडणी बदलते: बारा पानांची फाइल तेरा पानांची होते, तक्ता फुटतो, सही पुढच्या पानावर जाते.

तो परत आणायचा सरळ मार्ग असा. विंडोज १० मध्ये 'सेटिंग्ज', 'ॲप्स', 'ऑप्शनल फीचर्स', 'ॲड अ फीचर'. विंडोज ११ मध्ये 'ऑप्शनल फीचर्स' आता 'सिस्टिम'खाली सापडते, जुन्या आवृत्तीत 'ॲप्स'खाली. शोधाच्या चौकटीत रोमनमध्ये 'देवनागरी' लिहा, 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' निवडा आणि इन्स्टॉल करा. इंटरनेट चालू हवे. झाले की वर्ड बंद करून पुन्हा उघडा.

'सेटिंग्ज'मधल्या 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये जाऊन मराठी ही भाषा जोडली तरी हेच फॉन्ट येतात, आणि शिवाय मराठी कीबोर्डही मिळतो. मराठीत रोज लिहिणाऱ्याने हाच मार्ग धरावा. सरकारी किंवा कंपनीच्या कॉम्प्युटरवर मात्र अशा गोष्टी पुष्कळदा बंद केलेल्या असतात. तिथे सिस्टिम पाहणाऱ्या माणसाला फीचरचे हेच नाव सांगा, म्हणजे त्याला शोधत बसावे लागणार नाही.

कधी फॉन्ट असतो, पण यादीत येत नाही. जुन्या 'कंट्रोल पॅनेल'मध्ये 'फॉन्ट्स' उघडा आणि डावीकडचे 'फॉन्ट सेटिंग्ज' बघा. भाषेच्या सेटिंगनुसार फॉन्ट लपवण्याची एक खूण तिथे असते. ती काढा. तिथेच 'रिस्टोअर डिफॉल्ट फॉन्ट सेटिंग्ज' हे बटण आहे. त्याने सेटिंग पूर्ववत होते, पण डिलीट झालेली फाइल त्याने परत येईल अशा भरवशावर राहू नका.

विंडोजचा स्वतःचा फॉन्ट, म्हणजे 'निर्मला यूआय'सारखा, खराब झाल्याचा संशय असेल तर सिस्टिम फाइल तपासणी चालवा. स्टार्टमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' शोधा, राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. काळ्या खिडकीत रोमन लिपीत एस-एफ-सी ही तीन अक्षरे, मग एक मोकळी जागा, मग उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'स्कॅननाऊ' हा शब्द सलग लिहून एंटर दाबा. वेळ लागतो, तोवर खिडकी बंद करू नका.

अर्धवट फॉन्ट: इथे खरी मेख आहे

फॉन्ट आहे, उघडतो, सगळे नीट दिसते आणि मधलेच एक अक्षर परके वाटते, जाडी वेगळी, वळण वेगळे. ते अक्षर तुमच्या फॉन्टमध्ये नसते. कॉम्प्युटरने ते दुसऱ्या फॉन्टमधून उसने आणलेले असते. मराठीत हे ठरावीक ठिकाणी होते.

पहिले ठिकाण 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते असणार नाही, त्यामुळे 'ॲप', 'ॲडव्होकेट' असे शब्द असतील तिथे चौकोन येतो किंवा उसने अक्षर. म्हणूनच जुन्या फाइलींत लोकांनी अ टाइप करून त्यावर चंद्र चढवलेला आढळतो. दिसायला दोन्ही सारखे असले तरी कॉम्प्युटरच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत, त्यामुळे शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्या जुन्या जोडीवर टिंबांचे वर्तुळ उमटू शकते. उपाय म्हणजे 'फाइंड अँड रिप्लेस' करून जुनी जोडी काढायची आणि 'ॲ' हे एकच अक्षर घालायचे.

दुसरे ठिकाण रुपयाचे चिन्ह. भारत सरकारने ते जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये गेले. त्याआधीचे फॉन्ट कितीही देखणे असोत, त्यांत ते मिळायचे नाही.

तिसरे ठिकाण आपले खास मराठी: 'दऱ्या', 'कुऱ्हाड', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र. केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये तो कच्चा असतो, किंवा त्याचा रफार होऊन जातो. मग 'दऱ्या'चे 'दर्या' होते आणि डोंगरातली गोष्ट समुद्रात जाते. असा फॉन्ट मराठीसाठी घेऊच नये.

ल आणि श यांचे मात्र वेगळे आहे. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची वळणे. काही चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात, आणि मजकुराची भाषा 'मराठी' ठेवली की मराठी वळण येते, 'हिंदी' ठेवली की हिंदी वळण. तेव्हा श वेगळा दिसला म्हणून फॉन्ट पुन्हा टाकण्याआधी त्या परिच्छेदाची भाषा तपासा. हे सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालते असे नाही.

अर्धवटपणाचे आणखी एक रूप म्हणजे कुटुंबातला एखादा सदस्य नसणे. मंगलच्या साध्या आणि ठळक रूपांच्या दोन वेगळ्या फाइली असतात. ठळकची फाइल नसेल तर वर्ड साध्या अक्षरालाच जाड करून दाखवते. शिरोरेषा फुगते, अनुस्वार अक्षराला चिकटतो, बारीक आकारात 'ष' आणि 'प' ओळखू येत नाहीत. शीर्षके अशी माखल्यासारखी दिसत असतील तर फॉन्टचे पूर्ण कुटुंब टाका.

अर्धवट फाइली येतात कुठून? दोन उगम नेहमीचे आहेत. एक पीडीएफ. पीडीएफमध्ये बहुतेक वेळा पूर्ण फॉन्ट नसतो, त्या कागदात वापरलेली अक्षरेच असतात. 'फॉन्ट्स' टॅबमध्ये नावापुढे 'एम्बेडेड सबसेट' लिहिलेले असते ते हेच. कोणी त्यातून फॉन्ट 'काढून' दिला तर त्यात मूळ कागदात न आलेला ठ नसणार, झ नसणार. दुसरा उगम वेबसाइट. पान लवकर उघडावे म्हणून वेबसाइटवरचे फॉन्ट तुकड्यांत ठेवलेले असतात, रोमन वेगळा, देवनागरी वेगळी. ब्राउझरमधून उचललेला तुकडा कॉम्प्युटरवर टाकला की त्यात देवनागरीच नसते. फॉन्ट नेहमी अधिकृत पानावरून पूर्ण झिप फाइल म्हणूनच उतरवा.

आणि साधे कारणही विसरू नका: डाउनलोड अर्ध्यात तुटले. फॉन्टच्या फाइलवर दोनदा क्लिक केल्यावर नमुना न दिसता "ही वैध फॉन्ट फाइल नाही" अशा अर्थाचा संदेश आला किंवा फाइलचा आकार शून्य असला, तर दुरुस्तीच्या नादी न लागता ती काढून नव्याने उतरवा. झिप आधी पूर्ण उलगडा, झिपच्या आतूनच इन्स्टॉल करू नका.

नवा फॉन्ट टाकण्याची रीत

खराब फॉन्टवर नवा फॉन्ट टाकताना क्रम पाळा. आधी सगळी सॉफ्टवेअर बंद करा. 'सेटिंग्ज', 'पर्सनलायझेशन', 'फॉन्ट्स' इथे जाऊन खराब फॉन्ट अनइन्स्टॉल करा. "वापरात आहे" म्हणून नकार आला तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करून लगेच पुन्हा प्रयत्न करा. मग नवी फाइल राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा. नुसते 'इन्स्टॉल' केले तर विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत फॉन्ट फक्त तुमच्या खात्यात बसतो. तो मुख्य फॉन्ट फोल्डरमध्ये जात नाही आणि काही जुन्या सॉफ्टवेअरना सापडत नाही. "टाकला तरी पेजमेकरमध्ये (पानांची मांडणी करण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये) दिसत नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते.

एवढे करूनही जुनेच चित्र दिसत असेल तर फॉन्ट कॅश, म्हणजे विंडोजने फॉन्टची साठवून ठेवलेली माहिती, साफ करा. 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'विंडोज फॉन्ट कॅश सर्व्हिस' थांबवा. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये सर्व्हिसप्रोफाइल्स, लोकलसर्व्हिस, ॲपडेटा, लोकल अशा क्रमाने जाऊन फॉन्टकॅश फोल्डरमधल्या फाइली काढा, सर्व्हिस पुन्हा चालू करा आणि रीस्टार्ट करा. त्या फाइली विंडोज स्वतः नव्याने बनवते, घाबरायचे कारण नाही.

फॉन्ट कोठून घ्यावा? युनिकोड मराठीसाठी आज भरपूर आणि मोफत माल आहे, त्यामुळे चोरीच्या फॉन्टच्या मागे लागायची गरज उरलेली नाही. गूगल फॉन्ट्सवर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' आहेत, मराठीसाठी वेगळा काढलेला 'टिरो देवनागरी मराठी' आहे, 'नोटो सान्स देवनागरी' आहे. 'नोटो'चा जन्मच चौकोन दिसू नयेत यासाठी झाला. लांब मजकुराच्या छपाईसाठी मी टिरोकडे झुकेन, पडद्यावरच्या वाचनासाठी मुक्तकडे. डाउनलोडमध्ये 'व्हेरिएबल' आणि 'स्टॅटिक' अशा दोन तऱ्हा असतील तर वर्डसाठी स्टॅटिक फोल्डरमधल्या फाइली टाका. व्हेरिएबल फॉन्ट जुन्या वर्डला नीट झेपत नाही.

फॉन्टची फाइल टीटीएफ, ओटीएफ किंवा टीटीसी असते. "मोफत मराठी फॉन्ट" म्हणून ईएक्सई फाइल मिळाली तर ती उघडूच नका.

जुन्या फॉन्टमधली फाइल वाचवताना

कृतिदेव, शिवाजी, आकृती, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम या टायपिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारे सुरेख आणि योगेश. नव्वदच्या दशकापासून महाराष्ट्रातली कार्यालये, छापखाने आणि वृत्तपत्रे यांवर चालली. त्या काळात टाइप झालेला मजकूर अजून हजारो कपाटांत आणि सीडींवर पडून आहे. तो वाचवणे हे काम मनापासून करण्याजोगे आहे.

क्रम असा ठेवा. वर सांगितल्याप्रमाणे फॉन्टचे नेमके नाव टिपून घ्या, आकड्यासकट. श्रीलिपीत एका आकड्याचा फरकही महत्त्वाचा असतो, आणि आयएसएममध्ये 'डीव्ही' आणि 'डीव्हीबी' या आद्याक्षरांचे फॉन्ट वेगळे. नाव जवळपासचे पण कूट, म्हणजे कोणत्या जागी कोणते अक्षर याची मांडणी, वेगळे असले की मजकूर अर्धा बरोबर आणि अर्धा चुकीचा दिसतो. ते अधिक धोक्याचे, कारण चूक पटकन कळत नाही.

मग फॉन्टची मूळ फाइल शोधा. ज्या जुन्या कॉम्प्युटरवर ती टाइप झाली त्याची हार्ड डिस्क अजून घरात किंवा कार्यालयात असेल, तर तिच्यातला विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर पाहा. सॉफ्टवेअरची मूळ सीडी शोधा. परवाना घेतलेला असेल तर बनवणाऱ्या कंपनीला विचारा. जुन्या डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठी पाने लावण्याच्या, फाइलींत फॉन्ट 'टाइप १' या ॲडोबीच्या जुन्या प्रकारचा असू शकतो. ॲडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या सॉफ्टवेअरमधला त्याचा आधार काढला आहे, त्यामुळे तो नव्या इनडिझाइनमध्ये चालणार नाही. त्यासाठी जुन्या सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर लागेल.

फॉन्ट चुकून डिलीट झाला असेल तर आधी रिसायकल बिन, मग 'फाइल हिस्टरी' किंवा बॅकअप. तिथे नसेल आणि दुसरीकडे कुठेही प्रत नसेल, तर मायक्रोसॉफ्टचे 'विंडोज फाइल रिकव्हरी' मोफत मिळते. फाइल ज्या ड्राइव्हवर होती तिच्यावर काही नवे उतरवू नका आणि सापडलेली फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर काढा. एसएसडी असेल तर यश मिळण्याची शक्यता कमी.

फॉन्ट मिळाला आणि मजकूर वाचता आला की तिथे थांबू नका. त्याच दिवशी दोन गोष्टी करा. एक, फाइलची पीडीएफ काढून ठेवा, म्हणजे मूळ कसे दिसत होते याचा पुरावा राहील. दोन, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी फॉन्टनुसार वेगवेगळे कन्व्हर्टर मिळतात. कन्व्हर्टरमध्ये तुमच्या फॉन्टचेच नाव निवडा.

रूपांतरानंतर ठरावीक जागा डोळ्यांखालून घाला. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने टाइप होत: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. 'विद्यार्थिनी' हा एक शब्द घ्या. त्यात पहिल्या वेलांट्या दोन, जोडाक्षर, आणि रफाराच्याच अक्षरावर वेलांटी. कन्व्हर्टर कच्चा असेल तर इथेच घसरतो, आणि चुकीची वेलांटी शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटते. म्हणून आधी 'कर्तव्य', 'वार्षिक', 'आर्थिक', 'निर्णय' असे शब्द शोधून तपासा. मग 'ऱ्य' आणि 'ऱ्ह'. मग आकडे, विशेषतः तक्त्यांतले. मग व्यक्तींची नावे. फाइलमध्ये खऱ्या इंग्रजी ओळी असतील तर कन्व्हर्टर त्यांचीही मराठी करून टाकतो, त्या आधीच बाजूला काढा. इतिवृत्त किंवा करारासारखा कागद असेल तर दोघांनी बसावे, एकाने पीडीएफवरून मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने युनिकोडवर बोट ठेवावे. वेळ लागतो, पण कायदेशीर कागदाला दुसरा मार्ग मी सुचवणार नाही.

फॉन्ट कुठेच मिळाला नाही, पण छापील प्रत किंवा नीट दिसणारी पीडीएफ आहे? मग ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून कॉम्प्युटरकडून मजकूर काढून घ्या. पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून 'गूगल डॉक्स'मध्ये उघडली की मराठी मजकूर बाहेर येतो. मोफत 'टेसरॅक्ट'लाही मराठी येते. जुन्या फॉन्टमधून बनलेली पीडीएफ दिसायला शुद्ध मराठी असते, पण कॉपी केल्यावर गिचमिड देते. तिच्यासाठी हाच उपाय: पानांची चित्रे करा आणि ओसीआर चालवा.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर 'फॉन्ट बुक' उघडा. फॉन्ट निवडून 'व्हॅलिडेट' केले की खराब फाइल कळते, आणि 'फाइल' मेनूत मूळ फॉन्ट पूर्ववत करण्याची सोय आहे. करडे दिसणारे फॉन्ट डाउनलोड व्हायचे बाकी असतात, राइट क्लिक करून उतरवा. मॅकवर 'कोहिनूर देवनागरी' असतो, पण 'मंगल' नसतो, त्यामुळे विंडोजची फाइल तिथे वेगळी दिसणारच.

उबुंटूमध्ये 'फॉन्ट्स-देवा' हे पॅकेज टाकले की देवनागरी फॉन्टांचा संच एकदम येतो. स्वतः उतरवलेला फॉन्ट असेल तर तो आपल्या 'होम' फोल्डरमधल्या फॉन्ट फोल्डरमध्ये ठेवून 'एफसी-कॅश' ही आज्ञा चालवा.

फॉन्ट पूर्ण आहे का, हे तपासायची ओळ

नवा फॉन्ट टाकला की एक ओळ टाइप करून बघा, आणि ती साध्या व ठळक दोन्ही रूपांत छापून बघा:

ॲप, ऑगस्ट, बँक, दऱ्या, कुऱ्हाड, वाङ्मय, उद्ध्वस्त, हृदय, ज्ञान, क्षमा, श्रीकृष्ण, ट्रॅक्टर, वार्षिक, माळ, ₹ १,२३४.५०

चौकोन, वर्तुळ किंवा परके अक्षर कुठेच आले नाही, 'ट्रॅक्टर'मधला ट्र खाली नीट जोडला गेला, 'वार्षिक'मधला रफार ष वरच बसला, तर फॉन्ट मराठीच्या कामाचा आहे. वर्डमध्ये सगळे बरोबर आणि फोटोशॉप किंवा इनडिझाइनमध्ये जोडाक्षरे फुटलेली, असे झाले तर फॉन्ट बदलू नका. इनडिझाइनच्या 'पॅराग्राफ' पॅनेलमध्ये 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा, जुन्या फोटोशॉपमध्ये 'प्रेफरन्सेस'मधल्या 'टाइप'मध्ये दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय सुरू करा.

फाइल दुसऱ्याला पाठवायची असेल तर वर्डमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' इथे 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल', म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच घालून पाठवण्याची, ही खूण करा. खालची 'फक्त वापरलेली अक्षरे' ही खूण मात्र काढून ठेवा. ती राहिली तर समोरच्याला वाचता येईल, पण दुरुस्ती करताना नवे अक्षर लागले की त्याच्याकडे पुन्हा अर्धवट फॉन्टच. काही फॉन्टच्या परवान्यात एम्बेड करायला मनाई असते, तेव्हा वर्ड फाइलबरोबर पीडीएफही पाठवा. छापखान्यात द्यायची असेल तर पीडीएफच द्या, आणि देण्याआधी 'फॉन्ट्स' टॅबमध्ये प्रत्येक फॉन्टपुढे 'एम्बेडेड' लिहिले आहे ना, ते एकदा पाहा.